एकोणपन्नासाची पुडी

कशेळ्याच्या नाक्यावरून कर्जतला जाणारी जीप दहा माणसं झाल्याशिवाय हलत नाही, आणि समिधा आली की माणसं नेमकी नऊच व्हायची. दिवाळी उलटून गेलेल्या त्या सकाळीही तसंच झालं. दहावं गिऱ्हाईक येईपर्यंत ड्रायव्हर चहाला गेला, आणि समिधाने पर्समधून औषधाची एक रिकामी डबी काढून त्यातले तांदूळ नाक्यावरच्या चिमण्यांना टाकायला सुरुवात केली. चिमण्यांना हे सवयीचं होतं. समिधालाही होतं. सवयीचा नव्हता तो चिमण्यांच्या मधोमध उकिडवा बसून दाणे वेचायला लागलेला तरुण माणूस.

पाठीला सॅक, डोक्यावर अजून काढायचं राहिलेलं हेल्मेट, आणि चिमणीच्या चोचीतून सुटलेला दाणासुद्धा हा गडी उचलत होता.

"भूक लागली असेल तर पलीकडे वडापाव मिळतो," समिधा म्हणाली.

त्याने वर पाहिलंच नाही. तळहातावरचे सात-आठ दाणे उन्हात धरून तो म्हणाला, "एकही तुटका नाही. गिरणीतल्या तांदळात शंभरामागे पंधरा-वीस तरी तुकडे निघतात. हे कुठल्या मशीनने निवडले?"

"चंद्राबाई."

"नवीन कंपनी आहे का?"

"नाही, जुनी आहे. बासष्ट वर्षांची. माझी आत्या."

आता मात्र त्याने मान वर केली… आणि मग ती खाली घालायचं विसरला. दाणे हातातून गळाले, चिमण्यांनी ते उचलले, आणि समिधाला उगीचच आपली ओढणी नीट करावीशी वाटली. त्याने नाव सांगितलं, विपुल. कुंभिवलीला हायवेवरच्या एका बियाण्याच्या कंपनीत, तपासणीच्या खोलीत, तो दाणे मोजायचं काम करत होता. हजार दाणे मोजायचे, त्यांचं वजन करायचं, लिहून ठेवायचं, पुढचे हजार घ्यायचे. इतका न तुटणारा तांदूळ कुठल्या भाताचा, ते बघायला एकदा तुमच्या घरी आलो तर चालेल का, असं त्याने विचारलं. समिधा विचार करून सांगते म्हणाली, आणि जीप सुटायच्या आत पत्ता सांगून मोकळी झाली.

आता ते तांदूळ तिच्या डबीत कसे आले, ते सांगायलाच हवं, कारण त्यात थोडी चोरी आहे.

लाखोली म्हटलं की हल्ली लोकांना शिव्यांचीच आठवते. पण चंद्राबाईने महादेवाला बोलली होती ती तांदळाची, आणि तीही साध्या लाखाची नाही, सव्वा लाखाची. सव्वा लाख अखंड दाणे, एकेक हाताने मोजून. मागणं एकच होतं, समिधाला चांगलं स्थळ मिळू दे. समिधा चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून या विधवा आत्यानेच तिला वाढवलं होतं, आणि तिचे वडील सखारामभाऊ घरातल्या कुठल्याही प्रश्नाला "अक्काला विचारा" एवढंच उत्तर देत आले होते. लोक नवस काम झाल्यावर फेडतात. चंद्राबाईचं म्हणणं, देवाला तिष्ठत कशाला ठेवायचं, आधी देऊन टाकावं. आणि लाखोली पुरी होईपर्यंत घरात स्थळाचं नाव काढायचं नाही. अर्धवट नवसात पाहिलेला नवराही अर्धवटच निघतो.

समिधाला या अटीत स्वर्ग दिसला. त्याआधी वर्षभरात तिने पाच वेळा कांदेपोहे केले होते. एकाने तिला अंगणात चालून दाखवायला सांगितलं होतं. दुसऱ्याच्या मामाने, साजगावच्या कारखान्यात पॅकिंग तपासता म्हणजे नक्की काय करता, असं विचारून उत्तर ऐकायच्या आत तिसऱ्यांदा पोहे मागितले होते. लाखोली चालू होती तोवर हा सगळा ताप बंद होता. म्हणजे ती चालूच राहायला हवी होती.

पद्धत अशी होती. आत्या बशीत पन्नास दाणे मोजायची, समिधा त्यांची कागदाची पुडी बांधायची. पन्नास पुड्यांची एक पिशवी, आणि पन्नास पिशव्या झाल्या की ट्रंक भरली. पुडी बांधताना समिधाच्या अंगठ्याखाली एक दाणा राहायचा. फक्त एक. साडेपाच महिन्यांनी ट्रंक भरली, आत्याने खात्री करायला सहज एक पुडी सोडली, तर एकोणपन्नास. दुसरी सोडली, एकोणपन्नास. आपलाच हात चुकला असं म्हणत आत्याने सगळे दाणे परातीत ओतले आणि "एक, दोन" पासून पुन्हा सुरुवात केली. पुढल्या खेपेलाही तेच झालं. आता तिसरी खेप चालू होती, आणि समिधाच्या मनाला टोचणी लागली की ती स्वतःला समजवायची, दाणा देवाला वाहायच्या आधीच चिमण्यांना गेला तर पाप निम्मंच लागतं.

पुढच्याच रविवारी विपुल घरी आला. भाताचा नमुना घेऊन दहा मिनिटांत निघणार होता. पण हा मुलगा दाणे मोजायचा पगार घेतो हे ऐकून चंद्राबाईने त्याला पाटावर बसवलं, घावणे वाढले, आणि समोर तांदळाचं सूप ठेवलं.

"आत्या, हे सोपं करता येईल," तो म्हणाला. "तुमच्या या तांदळाचे हजार दाणे अठरा ग्रॅम भरतात. म्हणजे सव्वा लाख दाणे बरोबर सव्वादोन किलो. तोलून टाका, पाच मिनिटांत लाखोली होईल."

"तोलून देत्यात त्यो बाजार," आत्या म्हणाली. "मोजून देत्यात त्यो नवस. मोज गपचिप."

तो गपचिप मोजायला लागला. त्या रविवारी मोजले, पुढल्या रविवारी मोजले, आणि मग भाताचा नमुना कंपनीत पोचून त्याचा अहवाल येऊन गेला तरी विपुल रविवारी येतच राहिला. समिधाही रविवारी सकाळी न्हाऊन केस मोकळे सोडायला लागली, ते वाळायला पडवीतच बरं असतं म्हणून. सूप मध्ये, एका बाजूला तो, एका बाजूला ती. कधी दोघांची बोटं एकाच दाण्यावर यायची, आणि तो दाणा मग कुणीच उचलायचं नाही.

तो आकड्यांबद्दल बोलायला लागला की मात्र त्याचा लाजरेपणा कुठल्या कुठे पळायचा. सव्वा लाख हा आकडा आत्याने उगीच नाही निवडला, असं तो म्हणायचा. पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, पूर्ण घन आहे तो. नुसत्या लाखाला ही ऐट नाही. आत्याला घन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आपण काहीतरी भारी केलंय एवढं तिला कळलं, आणि विपुलच्या ताटात एक घावणा जास्त पडायला लागला.

चौथ्या रविवारी घोटाळा झाला. आत्या चुलीकडे गेली होती. विपुलने बोलता बोलता एक बांधलेली पुडी सोडून स्टीलच्या ताटलीत पसरली आणि बोटाने दाणे रांगेत लावायला लागला. सातांची एक रांग, तिच्याखाली दुसरी. सात रांगा झाल्या, चौकोन नीट बसला, आणि त्याचं बोट हवेतच थांबलं.

"असं बसायला नको होतं," तो म्हणाला.

"का? छान तर दिसतंय," समिधा म्हणाली.

"म्हणून तर. पन्नास दाणे असते तर एक बाहेर राहिला असता. सव्वा लाखाच्या पोटात मूळ अवयव म्हणून फक्त दोन आणि पाच आहेत. सात त्याला चालत नाही. सातने भागून बघा, बाकी एक उरणारच."

"आणि इथे बाकी काय उरली?"

"काहीच नाही. इथे सगळंच गेलं." त्याने दुसरी पुडी सोडली, मग तिसरी. "पुडीत एकोणपन्नास, पुड्या अडीच हजार. म्हणजे ट्रंक भरेल तेव्हा एक लाख बावीस हजार पाचशे. गंमत बघा, हाही आकडा काही गबाळा नाही. साडेतीनशेचा वर्ग आहे. आत्याने देवासाठी घन मांडला, आणि कुणीतरी त्याचा वर्ग करून ठेवला."

"मुंग्या असतील."

"प्रत्येक पुडीतून मोजून एकच दाणा नेणाऱ्या? मग त्या मुंग्यांना आमच्या लॅबमध्ये पाठवा, जागा रिकामी आहे."

समिधाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींच्या मधे तिने सगळं सांगून टाकलं. कांदेपोहे, अंगणातलं चालणं, मामा. शिवाय खोपोलीचा कमलेश, ज्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ज्याची आई दर पंधरा दिवसांनी फोन करून "लाखोली कुठवर आली" म्हणून विचारते, कारण लाखोली झाली की पहिला मान त्यांचा, असा शब्द आत्याने देऊन ठेवलाय. विपुल ऐकत राहिला. मग त्याने तिन्ही पुड्या पुन्हा जशाच्या तशा बांधल्या.

"मी पुड्या सोडल्याच नाहीत," तो म्हणाला. "आणि सोडल्या तरी मला मोजता कुठे येतं?"

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना समिधाला कळलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत. दोन भाकऱ्या करपल्या. सखारामभाऊंनी तक्रार केली नाही, अक्काला विचारायला पाहिजे एवढंच म्हणाले.

माघ लागला आणि तिसऱ्यांदा ट्रंक भरली. या वेळी आत्याने नवीनच टूम काढली. महाशिवरात्रीला लाखोली वाहायची, आणि त्याआधीच्या चार रविवारी विपुलने सगळ्याच्या सगळ्या पुड्या सोडून तपासायच्या. माझ्या नजरेचा आता भरवसा नाही, तू जाणता माणूस आहेस, असं ती म्हणाली. समिधाने घाबरून विपुलकडे पाहिलं. तो हूं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर भेटला. कशेळ्यात नमुने घ्यायला आलोय म्हणाला, पण सॅक रिकामी दिसत होती.

"माझी बदली झाली," तो म्हणाला. "जालन्याला. महाशिवरात्र झाली की लगेच सोमवारी हजर व्हायचंय."

"छान," समिधा म्हणाली. छान वगैरे काही वाटत नव्हतं. "तिकडे बियाणी खूप असतील."

"आहेत."

जीपमध्ये नऊ माणसं झाली होती. विपुल चपलेने मातीत रेघा ओढत होता.

"समजा… लाखोली पुरी झाली, तर?"

"तर कमलेश."

"आणि कमलेश नसता, तर?"

समिधाने तोंड उघडलं. एवढ्यात दहावा माणूस बगलेत कोंबडी घेऊन धावत आला, ड्रायव्हरने तिला जवळजवळ ढकलूनच आत बसवलं, आणि उत्तर नाक्यावरच राहिलं. वळण येईपर्यंत ती मागच्या काचेतून त्याच्याकडे बघत होती. तोही हलला नाही.

कर्जत येईपर्यंत समिधाने सगळा हिशोब मनाशी मांडून पाहिला. जोवर पुडीत एकोणपन्नास आहेत तोवर कमलेश नाही, हे खरं. पण तोवर विपुलही नाही. लाखोली पुरी झाल्याशिवाय घरात कुणी कुणाचं नाव काढणार नव्हतं, आणि लाखोली रखडली तर तो जालन्याला आणि ती पुन्हा त्या सुपासमोर. कमलेशचं काय करायचं ते नंतर बघू, आत्यासमोर तोंड उघडायची हिंमतही नंतर गोळा करू. आधी चोरलेला दाणा परत गेला पाहिजे. दीड वर्ष जिवावर उदार होऊन केलेली चोरी आता तिलाच निस्तरायची होती.

त्याच महिन्यात कारखान्याने तिची सुट्टी रविवारची काढून गुरुवारी दिली, त्यामुळे रविवारी विपुल घरी यायचा तेव्हा ती साजगावला असायची. पण एरवी पहिली पाळी संपवून ती चारला घरी पोचायची आणि आत्या चार ते सहा भजनाला जायची. त्या दोन तासांत समिधा पिशव्या काढायची. पुडी सोड, दाणा टाक, पुडी बांध. बोटांना कागदाचे चरे पडले. मोजत मात्र ती बसली नाही. मोजायचं काय त्यात, एकोणपन्नास आहेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

महाशिवरात्रीच्या सकाळी सगळे गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात जमले. गुरव, ट्रंक धरून सखारामभाऊ, नवं लुगडं नेसलेली आत्या, इस्त्रीचा शर्ट घातलेला विपुल, आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी बघणारी समिधा. दुपारी कमलेश त्याच्या आईला घेऊन येणार होता, तसा फोनही येऊन गेला होता.

वाहण्याआधी आत्याने रिवाजाप्रमाणे एक पुडी ताम्हनात सोडली आणि मोठ्याने मोजायला घेतलं. समिधाने डोळे मिटले. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकुणपन्नास, पन्नास… तिने श्वास सोडला.

"येक्कावन," आत्या म्हणाली.

आत्याने दुसऱ्या पिशवीतली पुडी सोडली. एकावन्न. तळातल्या पिशवीतली सोडली. एकावन्न. सखारामभाऊंना आनंद झाला. एकावन्न म्हणजे शुभ आकडा, देवाने आपल्या हाताने भर घातली, असं ते म्हणायला लागले. आत्याने हाताने त्यांना गप्प केलं आणि गुरवाला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

"देवाला दुसरी कामं नायत व्हय?" ती म्हणाली. मग समिधाकडे वळली. "एक दाना कोन चोरतंय, ते मला पयल्या खेपेपासनं ठाव हाय. पुडी बांधताना तुजा आंगठा कसा दुमडतो, ते मला दिसत नाय?"

समिधाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग बोलली का नाहीस, आत्या?"

"तू बोललीस का? तुला लगीन नको व्हतं. तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हनून पुडीनं सांगत व्हतीस. मी म्हनलं, सांगू दे. पोरगी नको म्हनते तवर मी मोजीन पुन्ना पुन्ना. मला कुठं जायचं हाय?"

समिधाच्या डोळ्यांना धार लागली. दीड वर्ष आपण आत्याला फसवतोय असं समजत होतो, आणि दीड वर्ष ही बाई आपल्यासाठी तेच तेच दाणे पुन्हा मोजत बसली होती.

"रडू नको गं," आत्या म्हणाली. "आता पुडीत पन्नास झालं, म्हंजे पोरीनं दाना परत केला. म्हंजे पोरगी तयार झाली. हितपर्यंत मला समाजलं." तिने ताम्हनातला एक दाणा बोटाने अलगद बाजूला सारला. "पन ह्यो एक्कावन्नावा कुनाचा?"

विपुलचे कान आधी लाल झाले, मग मान, मग शर्टाच्या कॉलरच्या आत जेवढं दिसत होतं तेवढं सगळं.

"माझा," तो म्हणाला.

"तुजा? तुला कसली घाई व्हती रं?"

"लाखोली पुरी झाल्याशिवाय या घरात स्थळाचं बोलता येत नाही. मला बोलायचं होतं." तो ट्रंकेकडे बघून बोलत होता. मग त्याने मान वर करून समिधाकडे पाहिलं. "नाक्यावर तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पण नाहीही म्हणाला नाहीत. तेवढ्यावर मी प्रत्येक पुडीत एक-एक दाणा टाकत गेलो. समिधा, मला तुम्ही फार आवडता. जालना लांब आहे, तांदूळ तिकडे पिकतही नाही… पण आवडता."

समिधाला उत्तर द्यायचं होतं, पण नाकातलं पाणी आवरेना, म्हणून तिने नुसती मान हलवली. तीही इतकी जोरात की सखारामभाऊंनाही समजलं.

"थांबा," आत्या म्हणाली. "तू मोजनारा मानूस. पगार घेतोस मोजायचा. पुडीत आदीच पन्नास झालेत, ह्ये दिसलं नाय तुला?"

"मोजलंच नाही आत्या," विपुल म्हणाला. "एकोणपन्नास आहेत असं धरून चाललो."

"आनि तू गं?"

"मीही," समिधा म्हणाली.

"दोगं शिकलेले," आत्या महादेवाला म्हणाली. मग तिने सखारामभाऊंना फोन लावून द्यायला सांगितला आणि कमलेशच्या आईला कळवलं, की नका येऊ, आमच्याकडे आकडा चुकलाय. पलीकडून बरंच काही विचारलं जात होतं. आत्याने फोन भाऊंच्या हातात दिला, आणि भाऊ आयुष्यात पहिल्यांदा अक्काला विचारा असं न म्हणता, "पोरीनं दुसरा पसंत केलाय," एवढं बोलून मोकळे झाले.

नवस सव्वा लाखाचा, देवाला एक दाणा कमी नाही आणि एक जास्तही नाही. म्हणून आत्याने दोघांना ट्रंकेसमोर बसवलं आणि प्रत्येक पुडीतून एक दाणा काढायला लावला. वरचे अडीच हजार दाणे लग्नात अक्षता म्हणून वापरायचे, असं तिने ठरवूनही टाकलं. भाऊंनी विचारलं, अडीच हजारांत भागेल का, आपली दोनशे माणसं तरी होतील.

"दोनशे माणसं," विपुल लगेच म्हणाला. "प्रत्येकी साडेबारा दाणे."

"अर्दा दाना?" आत्याने कपाळाला हात लावला. "तुटकी अक्षत टाकनार माज्या पोरीच्या डोक्यावर?"

विपुल विचारात पडला. एरवी डोळे मिटून घनमूळ सांगणाऱ्या माणसाला आज साधा भागाकार सुचेना.

"अडीचशे माणसं बोलवा," समिधा म्हणाली. "प्रत्येकी दहा."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या लग्नाला किती पाहुणे हे आपणच सांगून बसलो, तेही देवळात, सगळ्यांच्या देखत. तिने ओढणीत तोंड लपवलं. विपुल हातातली पुडी तशीच उघडी धरून तिच्याकडे बघत राहिला. आत्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली, दाणे मोजून पाहिले, आणि म्हणाली की लगीन होईपर्यंत या पोराला आता आकड्याच्या जवळ फिरकू देऊ नका.